शर्यतीच्या जुन्या मोटारी



ह्या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला आहे, अर्थकारण ऐकले आहे, नाट्यसंगीताचा इतिहासही ऐकला आहे. मोटारींवर, त्यांतही शर्यतीच्या आणि त्यांतही म्हाताऱ्या मोटारींवर व्याख्यान ऐकण्याचा प्रसंग बहुधा प्रथमच येत असावा. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो सांगितला, आणि दूरध्वनीच्या पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. नंतर सौजन्याने प्रश्न आला, "विषय थोडा व्यापक करता येईल का?" आम्ही म्हटले, व्यापक करता येणार नाही, पण कंटाळवाणा होऊ नये एवढी खबरदारी घेऊ.

इंग्लंडात सरे परगण्यात वेब्रिज नावाचे गाव आहे. त्याच्या अंगाला ब्रुकलँड्स. मोटारींच्या शर्यतीसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली जगातली पहिली धावपट्टी ही. ती 1907 साली खुली झाली. ह्या खटाटोपाचे कारण मोठे व्यावहारिक होते. ब्रिटनमध्ये त्या काळी रस्त्यावर ताशी 20 मैलांहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास कायद्याने बंदी होती. फ्रेंच आणि इटालियन कारखानदार आपल्या गाड्या लांबच लांब सरळ रस्त्यांवर पळवून पाहत असत, आणि इंग्रज कारखानदाराला मात्र आपली गाडी किती पळते हे पाहायलाही जागा नव्हती. ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराला ह्याची चीड आली आणि त्याने आपल्याच शेतवाडीत पावणेतीन मैल घेराचा, शंभर फूट रुंदीचा काँक्रीटचा रस्ता बांधून काढला. वळणावर त्या रस्त्याची बाहेरची कड जवळजवळ 29 फूट उंच उचललेली होती. ह्या उद्योगात त्याचा जवळजवळ दिवाळा वाजला. पुढचा कारभार सावरला तो त्याच्या पत्नीने, एथेलबाईंनी. उद्घाटनाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढची मोटार त्याच चालवीत होत्या. 1907 साली, हे ध्यानात घ्यावे.

मोटारींच्या शर्यतीचे नियम कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ते घोड्यांच्या शर्यतीतून उचलले गेले. चालकांनी जॉकीसारखे रंगीत रेशमी अंगरखे घालायचे, आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागेला तबेल्याशेजारच्या आवारासारखे 'पॅडॉक' म्हणायचे. तो शब्द आजही मोटारशर्यतीत चालू आहे. उद्घाटनानंतर काही दिवसांतच एस. एफ. एज ह्या गृहस्थाने ओळीने चोवीस तास एकट्याने गाडी हाकून 1581 मैल कापले. रात्री धावपट्टीच्या कडेने कंदील लावले होते. डॉक्टरांचे भाकीत होते की, माणसाचे शरीर हे सोसणारच नाही. त्याने सोसले, आणि पुढे दीर्घकाळ तो त्याबद्दल बोलतही राहिला.

ती धावपट्टी 1939 साली बंद पडली. युद्धात तिथे विमानेच बनत राहिली, आणि युद्धानंतर ती जागा विमानाच्या कारखान्यानेच विकत घेतली. काँक्रीट ठिकठिकाणी तोडले गेले, उरलेल्यातून झाडे उगवली. आज वळणाचा एक उंच तुकडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तर धरणाच्या भिंतीखाली उभे असल्यासारखे वाटते. शेजारी संग्रहालय आहे. ते 1991 साली सुरू झाले. त्या संग्रहालयात 'नेपियर-रेल्टन' नावाची गाडी आहे. तिच्याविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

ही गाडी 1933 साली तिथेच, त्याच आवारातल्या एका कारखान्यात तयार झाली. रीड रेल्टन हा तिचा आराखडाकार आणि जॉन कॉब हा मालक व चालक. इंजिन विमानाचे, नेपियर लायन. सुमारे चोवीस लिटरचे. बारा सिलिंडर, चार-चारांच्या तीन रांगांत. एक रांग उभी आणि दोन्ही बाजूंना एकेक कललेली. आपल्या घरच्या लहान मोटारीचे इंजिन लिटरभराचे असते, म्हणजे तसल्या दोन डझन मोटारी एका बोनेटाखाली कोंबल्या आहेत असे समजावे. वजन दोन टनांच्या घरात. आणि ब्रेक किती? फक्त मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांना ब्रेकच नाही! 1935 साली कॉबने ह्या गाडीतून ताशी 143.44 मैलांच्या, म्हणजे सुमारे 231 किलोमीटरांच्या वेगाने एक फेरी पुरी केली. धावपट्टीच बंद पडल्यामुळे तो विक्रम आता कोणी मोडू शकत नाही. धावपट्टी वे नदीवरून जात असे, आणि तिथले काँक्रीट खचून एक उंचवटा तयार झाला होता. त्या उंचवट्यावरून उडालेल्या ह्या गाडीचे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. चारही चाके जमिनीपासून सुटलेली, आणि कॉब मात्र बागेत फिरायला निघाल्यासारखा बसलेला. पुढे ह्याच गाडीला विमानांना थोपवणाऱ्या हवाई छत्र्यांच्या चाचणीचे काम मिळाले. बिचारीच्या आयुष्यात थोपवण्याचे जे काम कधी नीट झाले नव्हते, तेच म्हातारपणी पत्करावे लागले!

त्याच धावपट्टीवर के पेट्री ह्या पाच फुटांहूनही बुटक्या बाईंनी साडेदहा लिटरची डेलाज गाडी 1935 साली ताशी 134.75 मैलांनी पळवली. वेगाचे वेड पुरुषांनाच असते, हा समज तिथे टिकला नाही. आपल्याकडेही हे वेड पोचले होते. तरुण जे. आर. डी. टाटा मुंबईच्या रस्त्यांवर निळी बुगाटी पळवीत असत. एकदा त्यावरून खटला उभा राहिला, ते जॅक विकाजी नावाच्या वकिलांकडे गेले, आणि त्या वकिलांच्या पुतणीशी, थेल्माबाईंशी, 1930 साली त्यांचा विवाह झाला. वेगाने गाडी हाकल्याची अशी शिक्षा फारच थोड्यांच्या नशिबी येते.

परंतु आम्हांला आज सांगायचे आहे ते ह्या वीरांविषयी नव्हे. ब्रुकलँड्स पाहून झाल्यावर एका स्नेह्याच्या ओळखीने आम्ही जवळच्याच एका खाजगी कारखान्यात गेलो. तिथे असल्या जुन्या गाड्या केवळ पुसून ठेवल्या जात नाहीत. त्या धावत्या ठेवल्या जातात. इंग्लंडात आजही जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, आणि साठ-सत्तर-नव्वद वर्षांच्या गाड्या तिथे खरोखरच एकमेकींशी झुंजतात. कारखान्याचे नाव आम्ही सांगत नाही. तिथल्या मंडळींना ते आवडणार नाही.

मोटारीचा कारखाना म्हटला म्हणजे काळे हात, तेलाची थारोळी आणि भिंतीवर जुनी दिनदर्शिका, अशी आपली कल्पना असते. दिनदर्शिका होती. बाकी जमीन अशी स्वच्छ की पंगत बसवावी. सातआठ गाड्या, बहुतेकींचा वरचा पत्रा उतरवलेला. लाकडी ट्रेमध्ये एकेक बोल्ट, एकेक वायसर चिठ्ठी लावून ठेवलेला. आणि सर्वत्र एक ओळखीचा वास. कोठला, ते क्षणभर कळेना. मग कळले, आणि लहानपणची रविवारची सकाळ, आजीचा हात आणि नाक दाबून पाजलेली वाटी डोळ्यांपुढे आली. एरंडेल! होय, श्रोतेहो, शर्यतीच्या जुन्या मोटारींच्या इंजिनात एरंडेल घालीत. कमालीच्या उष्णतेतही ते पोलादाला चिकटून राहते, दोन धातूंना एकमेकांवर घासू देत नाही. दोष एवढाच की, इंजिन उभे राहिले की ते डिंकासारखे थिजते आणि सगळ्या वाटा बुजवते. म्हणून एरंडेलावरच्या गाडीला महिनोन्‌महिने उभी ठेवून चालत नाही. संग्रहालयातल्या काचेआड तिला सुरक्षित ठेवले आहे असे आपल्याला वाटते, आणि ती आतून गोठत असते.

कारखान्यातले मुख्य मेस्त्री सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी विमानाच्या कारखान्यात उमेदवारी केलेली. बोलणे थोडे. त्यांनी आम्हांला आधी व्हाइट मेटल ओतताना दाखवले. जुन्या इंजिनांत क्रँक ज्या बेअरिंगांवर फिरतो, त्यांना आतून कथलाच्या एका मिश्रधातूचा मऊ थर असतो. तो झिजला की वितळवून काढायचा आणि नवा ओतायचा. धातू किती तापला हे पाहायला त्यांच्याकडे उष्णतामापक आहे. तरीसुद्धा त्यांनी पाइनच्या लाकडाची एक काडी धातूत बुडवली, बाहेर काढली, तिचा रंग पाहिला आणि मान हलवली. काडी किती करपली, हे जुने माप. थर ओतल्यावर क्रँकला निळा रंग लावून तो बेअरिंगात फिरवायचा, जिथे निळे लागेल तिथला धातू हाताने खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. ह्यात दिवस जातात. पलीकडे एक जण ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी हातोड्याने ठोकून गाडीची शेपटी घडवीत होता. पुण्याच्या तांबट आळीत ज्याचे बालपण गेले आहे, त्याला त्या नादाचे वेगळे वर्णन नको.

मग त्यांनी आम्हांला एका अंधाऱ्या खोलीत नेले. तिथे एका टेबलावर 1930च्या दशकातल्या एका शर्यतीच्या गाडीचा क्रँक होता. दिसायला आरशासारखा चकचकीत. त्याला चुंबकत्व दिले, लोखंडाची चमकणारी बारीक पूड मिसळलेले पाणी त्यावर सोडले, आणि जांभळा दिवा लावला. जिथे दोष नाही तिथून पूड वाहून गेली. एका कोपऱ्यात, गोलाईच्या मुळाशी, हिरव्या प्रकाशाची एक रेघ उरली. केसासारखी. नखाला लागणार नाही, भिंगातून दिसणार नाही. मेस्त्री म्हणाले, "हा क्रँक संपला."

गाडी तर धावत होती, आम्ही विचारले. ते म्हणाले, "हो, धावत होती." लोखंडालाही थकवा येतो. हजारो वेळा पीळ बसतो, आणि एका फेरीत तो तुटतो. ती फेरी कोणती, हे कोणी सांगू शकत नाही. तुटला म्हणजे इंजिन फुटते, तेल मागच्या चाकांखाली सांडते, आणि मग गाडीच्या आत जो बसला असेल त्याचे भवितव्य कोणी सांगावे. मेस्त्रींनी त्या क्रँकवर लाल रंगाची फुली मारली आणि दुकानाचा दूरध्वनी उचलला. गाडीच्या मालकाला पुढल्याच महिन्यात शर्यतीत उतरायचे होते. आम्हांला एकाच बाजूचे बोलणे ऐकू येत होते, पण दुसरी बाजू समजायला अडचण पडली नाही. क्रँक मूळचा आहे, त्यावर कारखान्याचा शिक्का आहे, तो काढला तर गाडीची किंमत उतरते. एवढी एक शर्यत होऊ द्या, मग पाहू. मेस्त्री तीन वेळा "नाही, साहेब" म्हणाले. तिसऱ्या वेळी एवढेच जोडले की, हवी तर गाडी घेऊन जा, पण इंजिन मी जोडून देणार नाही.

नवा क्रँक अखंड पोलादी ठोकळ्यातून कोरून काढावा लागणार, त्याला महिने लागणार आणि रक्कम ऐकून आम्ही हातातला चहा खाली ठेवला. पण खरा प्रश्न पैशाचा नव्हता. क्रँक बदलला, उद्या पिस्टन, परवा गिअरपेटी. मग ती गाडी तीच राहिली का?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मिलिंद राजाला भिक्षु नागसेनाने हेच विचारले होते. महाराज, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? दांडी म्हणजे रथ? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. दोन हजार वर्षांनी हाच संवाद लंडनच्या उच्च न्यायालयात झाला, आणि ह्या वेळी त्यावर एक कोटी पौंड लागले होते. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' नावाची गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात मोठे आठ लिटरचे इंजिन बसवले गेले, आणि 1932 साली ब्रुकलँड्सवर ती उंच कडेवरून पलीकडे गेली. तिचा चालक क्लाइव्ह डनफी त्या अपघातात मरण पावला. गाडी पुन्हा बांधली गेली, पुन्हा बदलली गेली. पुढे तिचा सौदा ठरला तेव्हा खरेदीदाराने हात आखडला. त्याचे म्हणणे असे की, जिंकलेल्या गाडीतले हिच्यात काहीच उरलेले नाही. 1990 साली न्यायमूर्ती ऑटन ह्यांनी निकाल दिला. 1929 सालच्या गाडीचे सुटे भाग हिच्यात जवळजवळ नाहीत, हे त्यांनी मान्य केले. परंतु ही गाडी कधी नाहीशी झाली नाही, दुसरी कोणी तिची जागा घेतली नाही, तिचा इतिहास कोठे तुटला नाही. म्हणून हीच ती गाडी. खरेदीदाराला पैसे मोजावे लागले. नागसेनाने ह्या निकालावर काय म्हटले असते, हे सांगणे कठीण. आमच्या मते त्याला तो पसंत पडला असता, रक्कम सोडून.

आम्हांला मात्र ह्या निकालाने पुरते समाधान होत नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण ह्याच न्यायाने एखादा लबाड मनुष्य जुन्या गाडीची एक पट्टी मिळवून तिच्याभोवती नवी गाडी उभारतो आणि जुनी म्हणून विकतो. असे होते. एकाच क्रमांकाच्या दोन-दोन गाड्या निघाल्याचे दाखले आहेत. म्हणून त्या कारखान्यात प्रत्येक गाडीची एक वही असते. कोणता भाग कधी काढला, का काढला, नवा कोणी बनवला, तो किती तास धावला, सगळे तीत लिहिलेले. काढलेला भागही टाकून देत नाहीत. चिठ्ठी बांधून गाडीबरोबर देतात. जन्मपत्रिकेवर आमचा विश्वास नाही, पण ही पत्रिका झाल्या गोष्टींची आहे, तेव्हा ती खोटी ठरण्याचे भय कमी.

दुसरा एक प्रश्न आम्ही त्या मेस्त्रींना विचारला. ज्या गाड्यांनी माणसे मारली, त्या पुन्हा चालवाव्यात का? त्यांनी 'बॅब्ज'चे नाव घेतले. पॅरी थॉमस हा मोठा यंत्रज्ञ. ब्रुकलँड्सच्या आवारातच बंगलीत राहत असे. विमानाचे सत्तावीस लिटरचे इंजिन बसवलेली बॅब्ज घेऊन त्याने 1926 साली वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी 171 मैलांचा जागतिक विक्रम केला. 3 मार्च 1927 ह्या दिवशी त्याच वाळूवर, त्याच गाडीत तो मरण पावला. लोकांनी गाडी तिथेच वाळूत खड्डा खणून पुरली. बेचाळीस वर्षे ती पुरलेली होती. 1969 साली ओवेन विन ओवेन नावाच्या यांत्रिकीच्या अध्यापकाने ती उकरून काढली. वाळूने आणि खाऱ्या पाण्याने पत्र्याची चाळण झालेली. पुढची कितीतरी वर्षे खपून त्याने ती पुन्हा चालती केली. पुष्कळांना ते रुचले नाही. ती थॉमसची समाधी होती, असे त्यांचे म्हणणे, आणि ते आम्हांला उडवून लावण्यासारखे वाटत नाही. परंतु आमचे मेस्त्री म्हणाले, थॉमसला पुरलेले नव्हते, पुरले होते त्याचे काम. हे वाक्य आम्ही बराच वेळ मनात घोळवले. अजून आमचा निर्णय झालेला नाही.

कारखान्यात एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उमेदवारी करीत होती. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचे असे रीतसर उमेदवारी शिक्षण अलीकडे इंग्लंडात मिळू लागले आहे. ते मिळाले नसते तर ही विद्या एका पिढीत बुडाली असती. आम्ही निघायच्या आधी त्यांनी एक इंजिन सुरू केले. ती एक पूजाच असते. आधी प्लग काढून हाताने इंजिन फिरवायचे, तेलाचा दाब काट्यावर चढेपर्यंत. मग तापवण्यापुरते सौम्य प्लग बसवायचे. ही गाडी मेथिल अल्कोहोलवर चालणारी. त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून एक जण विझवण्याचे यंत्र घेऊन शेजारी उभा. मग सर्वांनी मिळून गाडी ढकलली. दोनदा नुसता धूर. तिसऱ्यांदा जो आवाज झाला त्याने आमच्या छातीचा पिंजरा हलला आणि छपरावरची कबुतरे उडाली.

आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले की, मेस्त्रींनी कानांवर काहीच घातलेले नाही. त्यांना ऐकू फारसे येत नव्हते. पन्नास वर्षे असल्या इंजिनांशेजारी उभे राहून कान गेले होते. दूरध्वनीवर ते एवढे मोठ्याने का बोलत होते, तेही आम्हांला आता कळले. त्या मुलीने एक लांब सळई घेतली, तिचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानामागच्या हाडाला टेकवले, आणि एकेका सिलिंडरावरून ती पुढे सरकत गेली. तिसऱ्यापाशी थांबली. तीन बोटे वर करून दाखवली. मेस्त्री आले, त्यांनी तिसऱ्या सिलिंडराच्या झाकणावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मान हलवून इंजिन बंद करायला सांगितले. व्हॉल्व्हची फट थोडी जास्त होती, एवढेच. मुलीने वही उघडली, तारीख घातली, आणि ते लिहून काढले.